घरपोच मालाचं गणित: माणूस काढला की डिलिव्हरी स्वस्त होते का?

मालधक्का (धागाकर्ता)

ड्रोन, फुटपाथवरून चालणारे रोबो, चालकाविना धावणारे ट्रक, माणसांशिवाय चालणारी गोदामं. यांच्याबद्दलच्या बहुतेक चर्चांमध्ये एक गोष्ट धरूनच चाललेली असते: डिलिव्हरीतला मोठा खर्च पगाराचा, म्हणून माणूस काढला की घरपोच सेवा जवळजवळ फुकट. माझा आक्षेप या गृहीतकावरच आहे. माल हलवण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथे पैसा सगळ्यात जास्त गळताना दिसला तो रिकामेपणात. अर्धी भरलेली गाडी, काम नसताना उभं असलेलं यंत्र, दोन थांब्यांमधलं नुसतं अंतर. यंत्र आणलं म्हणून हा रिकामेपणा भरून निघत नाही, उलट यंत्राचा हप्ता रिकाम्या तासांचाही भरावा लागतो.

जरा मागे जाऊ. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने पिगली विगली हे दुकान काढलं. तोवर गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि नोकराने माल काढून द्यायचा, अशी रीत होती. सॉन्डर्सने गिऱ्हाइकालाच आत सोडलं. माल शोधणं, उचलणं, घरी नेणं ही सगळी मेहनत गिऱ्हाईक आनंदाने आणि बिनपगारी करू लागलं. दुकानाच्या हिशेबातून मजुरीचा मोठा आकडा नाहीसा झाला, कारण ती मजुरी आता कुणीच मोजत नव्हतं. आज आपण घरपोच माल मागवतो तेव्हा हीच दोन कामं, निवडणं आणि पोचवणं, पुन्हा पगारी होतात. हा धंदा नफ्यात आणणं इतकं अवघड का, त्याचं मूळ इथे आहे.

याच सॉन्डर्सने १९३७ मध्ये कीडूझल नावाचं यंत्रचलित दुकान काढलं. गिऱ्हाइकाने किल्ली फिरवून वस्तू निवडायची आणि मागच्या यंत्रणेने ती पट्ट्यावरून पाठवायची. गर्दीच्या वेळी यंत्रणा अडकायची, मालाची सरमिसळ व्हायची. बंद पडत, पुन्हा सुरू होत १९४९ मध्ये तो प्रयोग कायमचा संपला. मागणी दिवसभर सारखी येत नाही आणि यंत्राची क्षमता मात्र ठरलेली असते, हा पेच तेव्हा होता तसाच आजही आहे.

पुढचा मोठा धडा वेबव्हॅन या ऑनलाइन किराणा पोचवणाऱ्या अमेरिकन कंपनीचा. प्रचंड यंत्रचलित गोदामं आधी बांधली, गिऱ्हाइकं मागाहून येतील असं धरलं, आणि जुलै २००१ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. तिथेच काम केलेल्या मिक माउंट्झने २००३ मध्ये किव्हा सिस्टिम्स काढली. माणसाने रॅकपर्यंत चालत जाण्याऐवजी रॅकच माणसापर्यंत आणायचं, आणि यंत्रं मागणीप्रमाणे थोडी थोडी वाढवायची, ही तिची कल्पना. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ती ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. वेबव्हॅन आणि किव्हा दोघांकडेही यंत्रंच होती. फरक पडला तो क्षमता एकदम उभारायची की हप्त्याहप्त्याने, यात.

जाणकारांनी आपापल्या कामातून लिहावं ही विनंती. कुठल्या टप्प्यावर यंत्र परवडतं आणि कुठे नाही, हे मला समजून घ्यायचं आहे.

आकडेमोड

उत्तम धागा. रिकाम्या अंतराचं तुम्ही म्हणता त्याला गणितात पक्का आधार आहे. १९५९ मध्ये बिअर्डवूड, हॉल्टन आणि हॅमर्स्ली यांनी सिद्ध केलं की एखाद्या भागात विखुरलेल्या बऱ्याच ठिकाणांना एकाच फेरीत भेट द्यायची असेल, तर सर्वांत लहान फेरीची लांबी क्षेत्रफळ गुणिले ठिकाणांची संख्या, याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. गुणक साधारण ०.७१.

१०० चौरस किलोमीटरचा भाग घ्या. १०० घरं असतील तर फेरी सुमारे ७१ किलोमीटरची, म्हणजे घरटी ०.७१. घरं ४०० झाली तर फेरी १४२ किलोमीटर, घरटी ०.३६. गिऱ्हाइकं चौपट, दर घरामागचं अंतर निम्मं. (सरळ रेषेतलं अंतर धरलंय. रस्ते वळणाचे असले तरी प्रमाण फारसं बदलत नाही.)

आता यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही मला फार महत्त्वाच्या वाटतात.

घाईची किंमत. दिवसाच्या १०० ऑर्डरी एकाच फेरीत न नेता दहा वेळा, दर वेळी दहा अशा नेल्या, तर एकूण अंतर दहाच्या वर्गमूळाच्या पटीत, म्हणजे तिपटीहून थोडं जास्त होतं. "तासाभरात पोचवू" या आश्वासनाचा हा खर्च आहे. गाडी माणूस चालवो की संगणक, तो तेवढाच पडतो.

स्पर्धेची किंमत. त्याच भागात दोन कंपन्यांनी गिऱ्हाइकं निम्मी-निम्मी वाटून घेतली तर दोघींचं मिळून अंतर ४१ टक्क्यांनी वाढतं. चार कंपन्या असतील तर दुप्पट. म्हणजे हा धंदा स्वभावतःच एकाच मोठ्या खेळाडूकडे झुकतो.

आणि ड्रोन. बहुतेक ड्रोन एक पार्सल घेऊन जातो आणि रिकामा परत येतो. त्याच १०० चौरस किलोमीटरच्या मध्यभागी गोदाम असेल तर सरासरी जाऊन-येऊन साडेसात किलोमीटर, १०० ऑर्डरींचे ७५० किलोमीटर. गाडीचे ७१. ऑर्डरी जितक्या, त्याच्या वर्गमूळाइतका ड्रोन दर किलोमीटरला स्वस्त असायला हवा. १०० ऑर्डरींना दहापट, चार ऑर्डरींना दुप्पट. गाडीला दारोदारी थांबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. तो धरला की ड्रोनची बाजू थोडी सुधारते, पण चित्र उलटत नाही.

साधीशंका

आकडेमोड, हे समजलं. पण मग रवांडात ड्रोन इतकी वर्षं कसे चाललेत? ती तर श्रीमंत देशाची हौस म्हणता येणार नाही.

आकडेमोड

तुमच्या प्रश्नात उत्तर दडलेलं आहे. झिपलाइन या ड्रोन कंपनीने २०१६ मध्ये तिथे दवाखान्यांना रक्त पोचवायला सुरुवात केली. ऑर्डरी थोड्या, अंतर लांब, रस्ते डोंगराचे, घाई जिवाची. चार ऑर्डरींना दुप्पट स्वस्त असणं ड्रोनला सहज जमतं.

पण खरा फायदा मला दुसरीकडे दिसतो. रक्ताच्या पिशव्या ठरावीक मुदतीत वापराव्या लागतात. प्रत्येक छोट्या दवाखान्याने प्रत्येक गटाचा साठा ठेवायचा तर बराच वाया जातो, आणि नाही ठेवला तर माणूस जातो. वेळेवर पोचण्याची खात्री आली की साठा एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवता येतो. लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासात ड्रोनने सरासरी ५० मिनिटांत रक्त पोचत होतं आणि वर्षभरात मुदत संपून वाया जाणाऱ्या पिशव्या ६७ टक्क्यांनी घटल्या. पोचवण्याचा खर्च वाढला असेलही, पण साठ्याचा खर्च आणि नासाडी घटली. पुरवठा साखळीचा हिशेब असा सगळा एकत्र मांडावा लागतो. नुसत्या डिलिव्हरीचा दर काढून बसलं की असे प्रकल्प तोट्याचे दिसतात.

गोदामकर

मी गोदामातल्या पिकिंगच्या, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे वस्तू काढण्याच्या, कामावर होते आणि आता पाळीचं नियोजन बघते, म्हणून त्या टप्प्याबद्दल लिहिते.

रॅक चालत येणारं स्टेशन कसं असतं ते सांगते. तुम्ही एका जागी उभ्या. समोर रोबोने उचलून आणलेलं कापडी खणांचं रॅक येऊन थांबतं. पडद्यावर वस्तूचा फोटो, आणि वरून दिव्याचा झोत बरोबर त्या खणावर. हात घाला, वस्तू काढा, स्कॅनरसमोर धरा, बाजूच्या टोपल्यांपैकी जिचा दिवा लागलाय तिच्यात टाका, बटण दाबा. तोवर मागचं रॅक पुढे सरकलेलं असतं. पूर्वी पाळीचा मोठा भाग चालण्यात जायचा, तो वेळ वाचला. त्याबरोबर चालताना मिळणारा श्वासही गेला. खांदा आणि मनगट एकाच हालचालीत दिवसभर. यंत्राने कामाचा वेग ठरवायला घेतला की खर्च कमी झाला असं कागदावर दिसतं, आणि त्यातला काही भाग कामगाराच्या सांध्यांकडे गेलेला असतो. हा हिशेबही मांडायला हवा.

हात घालणं मात्र अजून माणसाकडेच का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खणात काय पडलेलं असतं ते बघा: पारदर्शक पिशवीतली केबल, बुळबुळीत पाकीट, एकमेकांत अडकलेल्या दोन वस्तू, उताणं पडलेलं खोकं. २०१५ ते २०१७ या काळात अॅमेझॉनने जगभरच्या विद्यापीठांसाठी याच कामाची स्पर्धा ठेवली होती. तेव्हापासून प्रगती बरीच झाली, तरी हरतऱ्हेच्या वस्तू माणसाच्या वेगाने आणि न चुकता उचलणं यंत्राला जड जातं. २०२५ च्या मध्याला अॅमेझॉनने १० लाखावा रोबो कामाला लावल्याचं जाहीर केलं, आणि त्याच कंपनीत माणसं १५ लाखांहून जास्त आहेत.

नियोजनाच्या बाजूने सांगायचं तर मालधक्का यांचा मुद्दा शंभर टक्के खरा. सणासुदीला ऑर्डरी वाढल्या की मी जादा पाळी लावते, हंगाम सरला की पाळी कमी करते. यंत्राला अशी पाळी नसते. शिखराच्या दिवसासाठी घेतलं तर वर्षभर अर्धं पडून राहतं, सरासरीसाठी घेतलं तर शिखराच्या दिवशी तोंडघशी पाडतं. म्हणून शहाणी गोदामं रोजच्या ठरलेल्या भारापुरतं यंत्र घेतात आणि वरचा चढ-उतार माणसांवर पेलतात. तो चढ-उतार पेलणारी माणसं हंगामी असतात, हेही आपण बोलायला हवं.

मालधक्का

गोदामकरताई, सांध्यांचा मुद्दा माझ्या लिहिण्यात नव्हता आणि तो यायलाच हवा होता. आभार.

भार पुरेसा नसला की काय होतं याचं ताजं उदाहरण: अमेरिकेतल्या क्रोगर या किराणा दुकानांच्या साखळीने २०१८ मध्ये ब्रिटनच्या ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीबरोबर करार करून मोठी रोबो-गोदामं उभारायला घेतली. ओकाडोची यंत्रणा खरोखर अव्वल आहे, जाळीवर धावणारे रोबो काही मिनिटांत एक मोठी ऑर्डर जमवतात. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये क्रोगरने तीन केंद्रं बंद करायचं ठरवलं आणि सुमारे २.६ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात दाखवला. केंद्रं शहरापासून दूर, पोचवायचं क्षेत्र मोठं, ऑर्डरींची दाटी कमी. गोदामातली बचत रस्त्यावर संपली, असं माझं वाचन आहे.

पाऊलवाट

रस्त्यावरचा माणूस म्हणून लिहितो. पार्सलची गाडी चालवतो, आणि मला हसू येत नाही, काळजी वाटते, जेव्हा "चालक काढला की झालं" असं कुणी म्हणतं. चालवणं हा माझ्या कामाचा लहान भाग आहे.

एक थांबा म्हणजे काय ते पाहा. गाडी लावायला जागा शोधायची. मागे जाऊन ढिगातून नेमकं पार्सल काढायचं. नंबर दारावर नसतो, तो आडबाजूच्या भिंतीवर असतो. लिफ्ट दोन, त्यातली एक बंद. बेल वाजवायची, थांबायचं, पुन्हा वाजवायची. फोन करायचा. "शेजारी द्या" म्हणतात, शेजारी नाही म्हणतात. शेवटी फोटो काढायचा, नोंद करायची आणि परत गाडीकडे, जिच्यावर तोवर कुणीतरी हॉर्न वाजवत असतं. लंडनमधल्या पार्सल फेऱ्यांच्या एका अभ्यासात फेरीच्या वेळापैकी सुमारे ६० टक्के वेळ गाडी उभी होती असं दिसलं. वॉशिंग्टन विद्यापीठाची सिएटलमधली एक प्रयोगशाळा तर "शेवटचे ५० फूट" याच नावाने हा विषय अभ्यासते.

फुटपाथवरचे रोबो म्हणूनच ठरावीक जागीच टिकले. अॅमेझॉनचा स्काउट आणि फेडेक्सचा रॉक्सो, दोन्ही प्रयोग ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंडाळले गेले. स्टारशिप या कंपनीचे रोबो मात्र चालू आहेत. का, तर त्यांनी विद्यापीठांची आवारं आणि ब्रिटनमधल्या मिल्टन कीन्ससारखं पादचाऱ्यांना वेगळे मार्ग असलेलं शहर निवडलं. अंतर थोडं, फुटपाथ सपाट, घेणारा तरुण आणि स्वतः खाली येणारा. म्हणजे रोबो दारापर्यंत गेलाच नाही, गिऱ्हाईक रोबोपर्यंत आलं.

निळी_शाई

टपालाच्या इतिहासाची आवड आहे म्हणून थोडी भर.

१८३७ मध्ये रोलंड हिलने ब्रिटनच्या टपालाचा खर्च फोडून पाहिला. तोवर अंतरावर दर ठरायचा. लंडन ते एडिंबरा एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च त्याने एका पेनीचा ३६ वा भाग इतका काढला. बाकीचा खर्च नोंदी करण्यात, दर ठरवण्यात आणि दारात उभं राहून पैसे वसूल करण्यात जात होता. म्हणून १८४० पासून सगळीकडे एकच दर, आणि पैसे आधी, तिकिटाच्या रूपात. दारातला व्यवहारच काढून टाकला. यंत्राशिवाय झालेली ही सुधारणा डिलिव्हरीच्या इतिहासातली मला सगळ्यात मोठी वाटते.

आणि दाटी ओसरली की काय होतं? डेन्मार्क. २००० सालापासून तिथली पत्रं ९० टक्क्यांहून जास्त घटली. सरकारी टपालसेवा १६२४ पासूनची. तिने ३० डिसेंबर २०२५ ला शेवटचं पत्र पोचवलं आणि पार्सलकडे वळली. पोस्टमन तोच, गल्ली तीच, पण तिसाव्या घरानंतर एक पत्र असेल तर त्या एका पत्रावर सगळ्या चालण्याचा खर्च बसतो. आकडेमोड यांचं वर्गमूळ उलट्या दिशेने धावताना दिसतं.

उद्याचं_यंत्र

सगळ्यांचं वाचलं, पण मला धाग्याचा सूर जास्तच सावध वाटतो. तुम्ही आजच्या यंत्राची तुलना आजच्या रचनेशी करताय. मोठे फायदे रचना बदलल्यावर येतात.

कंटेनर घ्या. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीनचं आयडियल एक्स हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघालं. सुटा माल चढवायला टनाला जवळजवळ सहा डॉलर लागायचे, त्या जहाजावर १६ सेंटही लागले नाहीत. पण जगाला याचा लाभ लगेच झाला नाही. मापं ठरायला साठचं दशक संपत आलं. क्रेन, खोल बंदरं, कंटेनरसाठी बांधलेली जहाजं, रेल्वेचे डबे, करारमदार, सगळं बदलल्यावर मालवाहतुकीचं भाडं इतकं उतरलं की कारखाना बाजाराजवळ असण्याची गरज उरली नाही. १९५७ साली कुणी फक्त जुन्या धक्क्यावरच्या खर्चाचा हिशेब केला असता तर त्याला ही एक बरी युक्ती वाटली असती, त्यापलीकडे काही नाही.

डिलिव्हरीचंही तसंच. इमारतीला पाणी आणि वीज आत यायची जागा असते तशी पार्सल आत यायची जागा आज नाही. ती उद्या होईल. रोबो रात्री येऊन तिथे माल ठेवून जाईल, पाऊलवाट यांनी सांगितलेले बेल, फोन, शेजारी हे सगळे टप्पे गळून पडतील. तेव्हाच्या हिशेबात चालकाचा पगार हाच मोठा आकडा उरेल आणि तो काढता येईल.

मालधक्का

उद्याचं_यंत्र, कंटेनरचं उदाहरण तुम्ही नेमकं दिलंत आणि रचना बदलते हे मला मान्य. पण त्या गोष्टीत रचना बदलण्याचा खर्च कुणी केला? बंदरं बहुतेक ठिकाणी सार्वजनिक पैशातून खोल झाली. जुन्या धक्क्यांवरच्या गोदी कामगारांनी रोजगार गमावला. मॅनहॅटनचे आणि लंडनचे जुने धक्के ओस पडले. दारातल्या रचनेचं बिल घरमालक भरणार, नगरपालिका भरणार की कंपनी, हे ठरवल्याशिवाय "होईल" म्हणणं मला अपुरं वाटतं.

आणि बंदरांचंच घेतलं तर यंत्रीकरणाचा आजवरचा अनुभव संमिश्र आहे. रॉटरडॅममध्ये १९९३ पासून चालकाविना वाहनं कंटेनर हलवतायत. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये यंत्रचलित बंदरांची पाहणी केली, तेव्हा चालवण्याचा खर्च १५ ते ३५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, पण उत्पादकताही ७ ते १५ टक्क्यांनी घसरलेली होती. नेहमीच्या कामात यंत्र चोख, पण वेगळं काही घडलं की सगळी रांग थांबते. इतकं भांडवल घातल्यावर नुसती पगारबचत पुरत नाही.

मला यंत्राचा सगळ्यात लवकर फायदा दिसतो तो मधल्या टप्प्यात. गोदाम ते गोदाम, ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, दोन्ही टोकांना माल चढवा-उतरवायला माणसं हजर. अमेरिकेत ट्रकवाहतुकीच्या खर्चात चालकाचा पगार आणि भत्ते मिळून ४० टक्क्यांच्या आसपास जातात, शिवाय कायद्याने चालकाला विश्रांती द्यावी लागते आणि तेवढा वेळ ट्रक उभा राहतो. तिथे चालकाविना ट्रक म्हणजे त्याच ट्रककडून दिवसाला कितीतरी जास्त किलोमीटर. तरीही घाई नको. ऑरोरा या कंपनीने एप्रिल-मे २०२५ मध्ये डॅलस ते ह्यूस्टन असे चालकाविना ट्रक सुरू केले आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या पॅकारच्या विनंतीवरून चालकाच्या जागेवर निरीक्षक बसवला.

साखळीकडी

मी खरेदी-नियोजनात आहे. सगळे पोचवण्याबद्दल बोलतायत, मागच्या टोकाला मागणीचा अंदाज यंत्राकडे गेलाय त्याबद्दलही बोलू.

जे फॉरेस्टर या अभ्यासकाने १९६१ मध्येच दाखवलं होतं की टोकाच्या मागणीतली छोटी लाट साखळीत मागे मागे जाताना मोठी होत जाते. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हेच लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं. बाळं काही अचानक दुप्पट डायपर वापरत नाहीत, तरी कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी हेलकावे खात होत्या. प्रत्येक कडी आपापला अंदाज लावते, थोडं जास्त मागवते, ट्रक भरावा म्हणून एकदम मागवते.

स्वयंचलित ऑर्डरिंगने हे दोन्ही बाजूंनी बदललं. साखळीतल्या सगळ्यांना टोकाची खरी विक्री दिसत असेल तर हेलकावे खूप कमी होतात, आणि हा फायदा रोबोपेक्षा स्वस्तात मिळतो. पण प्रत्येकाचं यंत्र फक्त आपल्यापुढच्या ऑर्डरी बघून निर्णय घेत असेल तर तेच हेलकावे आता जास्त वेगाने येतात. मी हे डोळ्यांनी बघते. कुठेतरी पुरवठा कमी पडल्याची खूण आली की सगळी यंत्रं एकाच दुपारी साठा वाढवायला लागतात. महासाथीच्या काळात मागणीच्या अशाच उसळ्या मर्यादित जहाजांवर आणि बंदरांवर आदळल्या. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ड्रुरी या संस्थेचा कंटेनरभाड्याचा जागतिक निर्देशांक ४० फुटी कंटेनरला १०,३७७ डॉलरवर गेला.

पाऊलवाट

एक राहिलं होतं. धाग्याच्या सुरुवातीला रिकामेपणाचा खर्च म्हटलंय. आजच्या व्यवस्थेत तो खर्च कोण उचलतं, तर माझ्यासारखा माणूस. दर ऑर्डरीला पैसे, गाडी माझी, इंधन माझं, ऑर्डरींच्या मधला वेळ माझा. कंपनीला रिकाम्या तासाचं काहीच पडत नाही. रोबो घेतला की तोच रिकामा तास तिच्या अंगावर येतो. म्हणून रोबोची लढत माझ्या पगाराशी नाही, माझ्या बिनपगारी वाट बघण्याशी आहे, आणि तिच्याहून स्वस्त यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

आकडेमोड

पाऊलवाट, हा या धाग्यातला सगळ्यात कळीचा मुद्दा आहे. आणि त्याला धोरणाची बाजूही आहे. न्यू यॉर्क शहराने डिसेंबर २०२३ पासून अॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी किमान मोबदला लागू केला, तासाला १७.९६ डॉलर, आणि तो ठरवताना वाट बघण्याचा वेळही धरला. असा नियम आला की कंपन्या दोन गोष्टी करतात: एका फेरीत जास्त ऑर्डरी बसवायला लागतात आणि गरजेपेक्षा जास्त माणसं एकाच वेळी रस्त्यावर सोडणं थांबवतात. म्हणजे दाटी वाढते. जिथे रिकाम्या वेळेला किंमत नाही तिथे तो वाचवण्याची कुणाला गरजही वाटत नाही.

साधीशंका

मग सामाईक लॉकर हा यावरचा मार्ग का नाही? सगळ्यांचे थांबे एकत्र.

आकडेमोड

आहे, आणि तो जुना आहे. जर्मनीत डीएचएलचे पॅकस्टेशन २००१ पासून आहेत, पोलंडमध्ये इनपोस्ट या लॉकर कंपनीने तर सबंध देशाची सवय बदलली. २० पार्सलं एका लॉकरला गेली तर थांबे विसाव्या हिश्शावर येतात आणि अंतर साडेचारपट घटतं. बेल, लिफ्ट, चुकलेली भेट, काहीच नाही. यात रोबोही नाही, खण असलेलं एक कपाट आणि त्याचं कुलूप उघडणारा कोड.

अडचण मालकीची. प्रत्येक कंपनीने आपापलं कपाट लावलं तर मी वर लिहिलेली स्पर्धेची किंमत पुन्हा तशीच लागू होते. एकाच कंपनीला सगळी जागा दिली तर उद्या ती दर वाढवेल. त्यामुळे कपाटाची जागा सार्वजनिक, भाडं सगळ्या कंपन्यांना एकच, आणि कुणालाही नाकारता येणार नाही, अशी अट हवी.

गोदामकर

यात एक भर घालते. लॉकरपर्यंत जाऊ न शकणारे लोक असतात. म्हातारी माणसं, आजारी, व्हीलचेअरवरचे, तान्हं बाळ असलेली बाई. सगळी दाटी लॉकरकडे गेली की दारावरची फेरी विरळ होते, आणि ज्यांना दाराची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यासाठीच ती सर्वांत महाग होते. डेन्मार्कच्या पत्रांचं झालं तेच. त्यामुळे लॉकरच्या दरात दारावरच्या फेरीसाठी थोडा वाटा आधीपासून धरावा, मागाहून धरायला कुणी तयार होत नाही.

मालधक्का

पटलं. त्याला जोडून माझी एक ठोस सूचना. आज बहुतेक ठिकाणी डिलिव्हरी "मोफत" दिसते आणि खर्च मालाच्या किमतीत मिसळलेला असतो, त्यामुळे तासाभरात मागवणारा आणि तीन दिवस थांबणारा सारखंच भरतात. ऑर्डर देताना तीन दर समोर दिसावेत: लगेच दारावर, आपल्या भागाची फेरी असेल त्या दिवशी दारावर, आणि लॉकरवर. गोदामकरताई म्हणतात त्या लोकांना दुसरा दर तिसऱ्याच्या भावात मिळावा. साखळीकडी, तुमच्याकडे गिऱ्हाइकांना असा पर्याय दिल्यावर किती जण थांबायला तयार झाले याचा काही अनुभव असेल तर लिहा. फेरीचा दिवस ठरला की मागच्या टोकाला तुमचा अंदाज किती सुधारतो, हेही कळलं तर बरं होईल.

साखळीकडी

आकडे कंपनीचे आहेत, इथे देता येणार नाहीत. पण दिशा सांगते. दर समोर दिसायला लागल्यावर घरातल्या नेहमीच्या, जड आणि संपायला वेळ लागणाऱ्या वस्तूंना लोक सहज थांबतात. घाई उरते ती औषधं आणि ऐनवेळी मोडलेल्या गोष्टींना. फेरीचा दिवस ठरला की आदल्या संध्याकाळी ऑर्डरी बंद करता येतात आणि मग मला अंदाज बांधावाच लागत नाही, मी मोजून मागवते. साठा कमी ठेवता येतो, गाडी भरून निघते, आणि पिकिंगची पाळी दुपारच्या ऐवजी सकाळपासून सारखी चालते.